नाट्यगृहातला जुना ऑर्गन: दुरुस्तीसाठी निधी कसा उभा करावा

संगीत नाटकाच्या साथीचा पायाचा ऑर्गन बहुतेक वेळा एखाद्या नाट्यसंस्थेच्या माळ्यावर, शाळेच्या सभागृहात किंवा चर्चच्या कोपऱ्यात चादर पांघरून पडलेला असतो. तो सगळ्यांना वाजायला हवा असतो, पण दुरुस्तीचा विषय निघाला की बैठक "पैसे कुठून आणायचे" इथे येऊन थांबते. सोलापुरात हा पैसा उभा राहू शकतो. फक्त तो कोणत्या क्रमाने मागायचा ते आधी ठरवावं लागतं.

नुसतं "आपला वारसा जपा" म्हणत फिरलात तर ५०१ च्या पावत्या फाटतील आणि महिन्याभरात उत्साह ओसरेल. "भात्याचं कापड घड्यांवर चिरलंय, हा फोटो, हा कारागिराचा कागद, एवढा खर्च" असं समोर ठेवलंत तर समोरचा माणूस स्वतःहून विचारतो, "यातलं मी काय उचलू?" म्हणून वर्गणीचं पुस्तक छापण्याच्या आधी ऑर्गन तपासा.

तपासणी: कशाचे पैसे मागताय ते आधी मोजा

नाटकात वाजणारा हा ऑर्गन नळ्यांचा नसतो. त्यात पेटीसारखेच पितळी सूर असतात, म्हणजे चौकटीत बसवलेल्या, हवेने थरथरणाऱ्या जिभा. फरक हवेचा आहे. हातपेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकन बनावटीच्या पायाच्या ऑर्गनमध्ये पॅडल मारलं की भात्यातली हवा उपसली जाते आणि बाहेरची हवा सुरांमधून आत ओढली जाते. म्हणून पेटीचा चांगला कारागीरही पहिल्यांदा ऑर्गन उघडताना चाचपडतो. त्याने आधी असं काम केलंय का, हे थेट विचारा.

नेहमीचा ऑर्गन पाच सप्तकांचा, ६१ पट्ट्यांचा असतो: ३६ पांढऱ्या, २५ काळ्या. सुरांचे दोन संच असतील तर एकूण १२२ सूर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे निधीच्या योजनेत हेच कामाला येतात. पाठीमागच्या फळीवर किंवा आत कंपनीचं नाव आणि अनुक्रमांक सापडला तर फोटो काढून ठेवा. एस्टी, मेसन अँड हॅमलिन अशी नावं जुन्या ऑर्गनवर दिसतात. ब्रॅटलबरोची एस्टी कंपनी १९६० मध्ये बंद झाली, त्यामुळे कंपनीकडून सुटे भाग मागवू असं कोणालाही सांगू नका.

पहिली चाचणी भात्याची. सगळे स्टॉप (सुरांचा कोणता संच वाजायचा ते ठरवणाऱ्या ओढायच्या खुंट्या) आत ढकला, पॅडल मारून भाता पूर्ण आवळून घ्या, मग पाय काढा आणि घड्याळ बघा. दहा-पंधरा सेकंदांत भाता स्प्रिंगांच्या जोराने परत फुगला तर गळती मोठी आहे. मागची फळी काढून बॅटरीच्या उजेडात घड्या बघा. रबरी कापड सहसा घडीच्या कोपऱ्यांवर आधी चिरतं. उंदराने कुरतडलेली कड आणि जुनं होऊन चिरलेली कड यांत फरक दिसतो. दोन्हींचे वेगळे फोटो घ्या, कारण उंदराचा बंदोबस्त हा खर्चाचा वेगळा आकडा आहे.

दुसरी चाचणी पट्ट्यांची. एका वहीत ६१ ओळी आखा. एक जण पॅडल मारत एकेक पट्टी दाबेल, दुसरा लिहील: वाजते, उशिरा वाजते, मुकी, घरघरते, सोडली तरी वाजतच राहते. दोन संच वेगवेगळे तपासायचे, म्हणजे एक स्टॉप ओढून एक फेरी, दुसरा ओढून दुसरी. न थांबता वाजणाऱ्या पट्टीखाली बऱ्याचदा झडपेवरचं फेल्ट (लोकरीचं जाड कापड) कसरीने खाल्लेलं असतं किंवा स्प्रिंग मेलेली असते. मुका सूर तर बहुतांश वेळा फक्त धुळीने अडकलेला असतो. सूर आपल्या खोबणीतून आकडीने ओढून काढला, मऊ ब्रशने जीभ साफ केली की तो बोलतो. म्हणून "तीस सूर मेले आहेत, नवीन घालावे लागतील" असा अंदाज साफसफाईच्या आधी कोणी दिला तर तो मान्य करू नका. तुमच्या मागणीचा आकडा त्या एका ओळीने विनाकारण फुगतो, आणि फुगलेला आकडा देणगीदाराला लगेच कळतो.

सूर बाहेर काढणार असाल तर फळीवर १२२ खाचा पाडून क्रमांक टाका आणि काढलेला सूर त्याच क्षणी आपल्या खाचेत ठेवा. डबीत ओतलेले सूर परत लावायला कारागिराचे दिवस जातात, आणि त्या दिवसांचे पैसे तुम्हीच भरता.

सोलापूरच्या हवेचा भाग वेगळा बघावा लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की लाकूड आकसतं, सुरांखालच्या फळीला बारीक भेग पडते आणि हवा तिथून गळते. पावसाळ्यात तीच भेग मिटलेली दिसते. त्यामुळे तपासणी एप्रिल-मे मध्ये केली तर खरं दुखणं दिसतं.

मालक कोण, हे कागदावर आणा

निधी गोळा झाल्यावर भांडण कुठे होत असेल तर इथे. ऑर्गन महापालिकेच्या सभागृहातला असेल तर तो डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीला) चढलेला असतो. दुरुस्तीची लेखी परवानगी, बाहेर नेण्याची परवानगी आणि परत कुठे ठेवणार, या तिन्ही गोष्टी एकाच पत्रात घ्या. ट्रस्टचा असेल तर विश्वस्तांचा ठराव हवा. एखाद्या कुटुंबाकडून आलेला असेल आणि बक्षीसपत्र नसेल तर आधी ते करून घ्या. लोकांच्या पैशाने नीट झालेला ऑर्गन उद्या कोणी घरी घेऊन गेलं तर तुमच्या संस्थेला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. दुरुस्तीनंतर तो कोणाला, कोणत्या अटीवर वाजवायला मिळेल हेही त्याच ठरावात लिहा. विद्यार्थ्यांना रियाजासाठी आठवड्यातून ठराविक वेळ मोकळी ठेवणार असाल तर ते जरूर लिहा, कारण कंपन्या आणि बँका नेमकं तेच विचारतात.

कारागिराचा अंदाज कसा मागावा

निदान दोन ठिकाणचे अंदाज घ्या. पुणे, मुंबई, मिरज इथे चौकशी होईलच. मिरज तंतुवाद्यांचं गाव आहे, तिथे जाताना तुमचं काम सुरांचं आणि भात्याचं आहे हे लक्षात ठेवून त्याच माणसाकडे जा. अंदाज एकगठ्ठा घेऊ नका. भाता आणि पॅडल, सुरांची सफाई आणि दुरुस्ती, पट्ट्या-झडपा-फेल्ट, स्टॉप आणि गुडघ्याने ढकलायचे दांडे, लाकडी पेटारा, ट्यूनिंग अशा वेगळ्या ओळी मागा. साहित्य लिहून घ्या. या चार गोष्टींवर आग्रह धरा:

भात्याला रबर चढवलेलं मजबूत पातळ कापड लागतं. रेक्झिन स्वस्त पडतं, पण ते घडीत ताठ राहतं आणि काही वर्षांत तिथेच तडकतं.

चिकटवायला सरस. फेव्हिकॉलने जोड पक्का होतो खरा, पण पुढच्या वेळी भाता सोलताना लाकूडच निघून येतं. सरस गरम पाण्याने सुटतो.

तुटलेल्या जिभेच्या जागी नवी जीभ जुन्याच पितळी चौकटीवर बसवावी. गुजरातेतल्या पालिताण्याचे पेटीचे सूर नावाजलेले आहेत, पण पेटीचा सूर जसाच्या तसा ऑर्गनच्या खोबणीत बसत नाही. तो घासून-कापून बसवला तर ती खोबण कायमची बिघडते.

ट्यूनिंगची उंची आधी ठरवा. जुने ऑर्गन आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या ४४० हर्ट्झवर जुळवलेले असतीलच असं नाही. अनेक त्याहून चढे निघतात. सगळे १२२ सूर खरवडून ४४० वर आणायचे तर प्रत्येक जिभेचं आयुष्य कमी होतं. मूळ उंची सगळीकडे सारखी असेल तर ती ठेवून आपसांतला मेळ जुळवणं जास्त शहाणपणाचं. बाकी वाद्यं त्या पट्टीत मिळवता येतात.

लाकडाच्या पॉलिशचा खर्च शेवटी ठेवा. देणगीदाराला चकाकी आधी हवी असते हे खरं, पण गळक्या भात्यावर सूर जुळत नाहीत आणि सूर जुळेपर्यंत पेटारा दहा वेळा उघडावा लागतो. हा क्रम पत्रकातच लिहा म्हणजे "अजून तसाच दिसतोय" हा प्रश्न येणार नाही.

एकूण किती मागायचे

समजा कारागिराचा अंदाज ३,००,००० रुपये आला. तुमचं उद्दिष्ट तेवढंच ठेवलंत तर काम अर्ध्यात अडकेल. वाहतूक, बांधाबांध आणि प्रवासातला विमा धरून २०,००० ठेवा. उघडल्यावर निघणाऱ्या दुखण्यांसाठी दुरुस्तीच्या १५ टक्के, म्हणजे ४५,०००. पावत्या, पत्रकं, छपाई, फोटो यांना १५,०००. आणि पुढच्या देखभालीची ठेव ६०,०००. बेरीज ४,४०,००० रुपये होते. हाच आकडा जाहीर करा आणि त्याची फोड त्याच पानावर द्या. तुमचा अंदाज वेगळा असेल, पण खर्चाच्या या पाच बाबी त्याच राहतील.

देखभालीच्या ठेवीवर समितीतला कोणीतरी हमखास कात्री चालवतो: "ते नंतर बघू." नंतर कोणी बघत नाही. दुरुस्तीच्या उत्साहात लोक ठेवीलाही देतात. ऑर्गन वाजायला लागल्यावर फेल्टसाठी कोणी पैसे देत नाही.

खातं, पावती आणि कायदा

नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर त्याच्याच नावाने गोळा करा, मात्र या कामासाठी स्वतंत्र बँक खातं उघडा. तुमचा नुसता गट असेल, नोंदणी नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडून मंजुरी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. त्याहून सोपा मार्ग म्हणजे एखाद्या नोंदणीकृत नाट्यसंस्थेशी लेखी करार करून तिच्या खात्यात निधी जमवणं.

क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच लावा. खजिनदाराच्या मोबाइलवर आलेले पैसे कितीही प्रामाणिकपणे पुढे भरले तरी स्कॅन करणाऱ्याला स्क्रीनवर एका माणसाचं नाव दिसतं आणि तो थांबतो. पावती पुस्तकं क्रमांकित असू द्या. कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं त्याची सही घ्या, आणि न वापरलेली पुस्तकंही परत घ्या.

करसवलतीबद्दल नेमकं बोला. ८० जी ही आयकराची नोंदणी असलेल्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर देणगीदाराला साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती नाही. नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदाराला तर ही वजावट मिळतच नाही. म्हणून "कर वाचवा" हा मथळा करू नका. तो वाचून आलेला अर्धा गट निराश होऊन जाईल. देणगीदाराचा पॅन, पूर्ण नाव आणि पत्ता पावतीच्या वेळीच घ्या. वर्षाच्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरल्यावरच त्याला प्रमाणपत्र देता येतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावतीवर काय छापायचं ते छापखान्यात जाण्याआधी सीएकडून लिहून घ्या. दानपेटी ठेवणार असाल तर तिच्यावर भिस्त नको. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की ट्रस्टला त्यांवर ३० टक्के कर बसतो.

परदेशातल्या सोलापूरकरांकडून पैसे येतात, तिथे एक भेद पाळा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी, धरली जाते. ती एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही. पैसे खात्यात येण्याआधी पासपोर्ट कोणता ते विचारा.

सूर दत्तक योजना

इथे ते १२२ कामाला येतात. प्रत्येक सुराला एक देणगीदार, रक्कम १,१०१ रुपये. सगळे गेले तर १,३४,३२२ होतात. पण नियोजन करताना ८० जातील एवढंच धरा, म्हणजे ८८,०८०. मधल्या सप्तकातले सूर झपाट्याने जातात. गायक-गायिका आपापला षड्ज (सा) मागतात. काळी चार, काळी पाच, पांढरी एक यांना दोन-दोन मागणारे निघतात. दोन संच असल्यामुळे एकाच पट्टीचे दोन सूर देता येतात, तेव्हा घाबरू नका. खर्जाचे मात्र मागे राहतात. ते एकेकटे विकत बसू नका. बारा सुरांचं एक सप्तक करून शाळेची तुकडी, भजनी मंडळ, सेवानिवृत्तांचा गट, बँकेची शाखा यांना द्या. बारा गुणिले १,१०१ म्हणजे १३,२१२, आणि गटात वाटले की ते जड वाटत नाहीत.

कोणता सूर कोणाचा हे एका मोठ्या तक्त्यावर पट्ट्यांचं चित्र काढून भरत जा आणि त्याचा फोटो दर आठवड्याला व्हॉट्सॲप गटात टाका. रिकाम्या पट्ट्या दिसल्या की लोक स्वतःहून विचारतात. प्रमाणपत्रावर त्या सुराचा साफ करण्याआधीचा आणि नंतरचा फोटो द्या. काळवंडलेली जीभ आणि लखलखीत जीभ शेजारी-शेजारी बघितलेला माणूस पुढच्या वर्षीही फोन उचलतो. देणगीदारांच्या नावाच्या पितळी पट्ट्या ऑर्गनच्या लाकडावर ठोकू नका. फलक भिंतीवर लावा.

खर्चाच्या मोठ्या बाबी वेगळ्या ठेवा. आपल्या उदाहरणात भाता ७५,०००, पट्ट्या आणि झडपा ४०,०००, पेटारा ३५,००० असे तीन देणगीदार शोधायचे. पत्रक काढण्याआधी यांतला एक तरी नक्की झालेला हवा, कारण शून्यावर असलेल्या यादीत पहिलं नाव घालायला कोणी तयार नसतं. या तिघांकडे पत्रक पाठवून चालत नाही. समितीतले दोघे जा, भात्याचा फोटो आणि अंदाजपत्रक न्या, रक्कम स्पष्ट उच्चारा आणि मग गप्प बसा. "जमेल तेवढं द्या" म्हटलं की पंचाहत्तर हजारांचे पाच हजार होतात.

पत्रक मराठीसोबत कन्नड आणि तेलुगूतही काढा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरांत आणि बाजारपेठेतल्या कितीतरी कुटुंबांत घरची भाषा यांपैकीच एक आहे, आणि संगीत नाटकाला या गावात प्रेक्षक फक्त मराठी घरांतूनच येतो असं धरणं चुकीचं आहे.

बँका, पतसंस्था, कंपन्या

वैयक्तिक देणग्या आणि सुरांमधून आपल्या हिशेबात २,३८,०८० झाले. उरलेल्यांतला मोठा भाग संस्थांकडून येतो. सहकारी बँका आणि पतसंस्था नफावाटणीत धर्मादाय कामांसाठी रक्कम ठेवू शकतात, आणि ती वाटणी वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर होते. सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. म्हणजे तुमचा अर्ज मे-जूनमध्ये संचालक मंडळापुढे गेला पाहिजे. ऑक्टोबरात गेलात तर पुढच्या वर्षी या म्हणतील, आणि त्यात त्यांचं चूक नसेल.

कंपन्यांच्या सीएसआरचं (सामाजिक कामांवर करायच्या खर्चाचं) गणित असं: कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक तरी एवढं असतं, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. अनुसूची ७ मधल्या पाचव्या बाबीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन येतं. अर्जात त्या बाबीचा क्रमांक लिहा, म्हणजे कंपनीच्या कंपनी सेक्रेटरीचं काम सोपं होतं. तुमच्या ट्रस्टकडे १२ ए (ट्रस्टच्या स्वतःच्या करमाफीची) आणि ८० जी नोंदणी, अशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ (कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी) चा क्रमांक नसेल तर ते तुम्हाला पैसे देऊ शकत नाहीत, इच्छा असली तरी. चिंचोळी किंवा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या लहान कारखानदाराला हा नियम लागू नसतो. तो स्वतःच्या खिशातून देतो, तेव्हा त्याच्याकडे सीएसआरची भाषा न बोलता सरळ जा. कंपनीला फक्त जतन पुरत नाही. किती विद्यार्थी शिकतील, किती प्रयोगांत ऑर्गन वाजेल, हे विचारतात. जेवढं निभावेल तेवढंच लिहा.

कार्यक्रम आणि स्मरणिका

नाट्यगीतांचा एक कार्यक्रम करायचाच. त्याने पैसा थोडा आणि माणसं खूप मिळतात. तिकीट ५०० रुपयांच्या आत ठेवा, संगीत आणि नाट्यप्रयोगांच्या तेवढ्या तिकिटावर जीएसटीतून सूट आहे. २०० रुपयांची ४०० तिकिटं गेली तर ८०,००० येतात. सभागृह, ध्वनी, कलाकारांचा प्रवास आणि मानधन, छपाई यांत ४५,००० सहज जातात, हाती ३५,००० उरतात. सभागृहाचं भाडं एका प्रायोजकाने उचललं तर हा आकडा ५०,००० च्या घरात जातो. अलीकडची पदं घेणार असाल तर हक्क तपासा. लेखक-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं ते वारसांकडे असतात. कार्यक्रमात दुखावलेला ऑर्गन रंगमंचावर ठेवा आणि मध्यंतराआधी तीन मिनिटं त्याची साफ पट्टी, घरघरणारी पट्टी, मुकी पट्टी ऐकवा. भाषण लहान ठेवा. त्या तीन मिनिटांनंतर बाहेरच्या टेबलावर पावती पुस्तक आणि सुरांचा तक्ता तयार हवा.

स्मरणिकेतल्या जाहिरातीचे पैसे ही देणगी नव्हे. त्यांना ८० जीची पावती देऊ नका, साधं बिल द्या. व्यापारी ती आपल्या जाहिरात खर्चात दाखवतो आणि दोघांचेही कागद सरळ राहतात.

सोलापूरच्या वेळा सांभाळा. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत गाव गुंतलेलं असतं. आषाढीला जिल्ह्याची सगळी यंत्रणा पंढरपुरात असते. गणपती-नवरात्रात नवी पेठ आणि चाटी गल्लीतले व्यापारी आधीच दहा मंडळांच्या वर्गण्या देऊन बसलेले असतात. एप्रिल-मेमध्ये तपासणी, मे-जूनमध्ये बँकांचे अर्ज, पावसाळ्यात तीन मोठ्या देणगीदारांच्या भेटी, कोजागरीच्या आसपास कार्यक्रम आणि ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिनी सूर दत्तक योजनेची सांगता, हा क्रम चालतो.

काम केव्हा सुरू करायचं

दुरुस्तीची संपूर्ण रक्कम, आपल्या उदाहरणात ३,००,०००, बँकेत जमा झाल्याशिवाय ऑर्गन कारागिराकडे पाठवू नका. बाकीची रक्कम लेखी शब्दांवर चालेल. सुटा केलेला ऑर्गन पैशांसाठी वर्षभर पडला की स्क्रू हरवतात, फेल्टला कसर लागते, सूर अदलाबदल होतात, आणि दुसऱ्या कारागिराने उचललं तरी खर्च दीडपट होतो. जुनी वाद्यं बहुतेक अशीच कायमची संपतात.

हप्ते असे बांधा: ३० टक्के आगाऊ, ३० टक्के भात्याची चाचणी तुमच्यासमोर झाल्यावर, ३० टक्के सूर जुळवून ऑर्गन परत आल्यावर, आणि १० टक्के एक उन्हाळा किंवा निदान तीन महिने गेल्यावर. काढलेले सगळे जुने भाग, फाटकं कापडसुद्धा, परत मागा. एका वेळी ३०,००० रुपयांवर बिल असेल तर वैयक्तिक कारागिराच्या बिलातून १ टक्का टीडीएस कापावा लागतो. हे कराराच्या दिवशीच त्याला सांगा, नाहीतर शेवटच्या हप्त्याला कटुता येते. नेताना ऑर्गन उभाच ठेवा, पॅडल बांधा, खाली गादी, बाजूंना जाड चादरी. पाठीवर आडवा घातला तर सूर आणि झडपा जागा सोडतात.

देखभालीची ठेव

६०,००० ची मुदत ठेव ट्रस्टच्या नावावर, दोन विश्वस्तांच्या सह्यांनी, व्याज त्याच स्वतंत्र खात्यात जमा होईल अशी करा. मुद्दल मोडायला विश्वस्तांचा ठराव लागेल हे घटनेत नसेल तर ठरावात लिहा. व्याजातून वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, सफाई आणि तपासणी. एसीचा झोत किंवा कूलरची ओली हवा थेट ऑर्गनवर येणार नाही अशी जागा ठेवा. कडक उन्हाळ्यात आत तळाशी पाण्याचं भांडं ठेवतात, त्याला जाळीचं झाकण हवं, नाहीतर डास होतात. आठवड्यातून एकदा तरी पंधरा मिनिटं सगळे स्टॉप ओढून वाजवा. न वाजलेल्या सुरांवर धूळ आधी बसते.

आतल्या फळीवर पाकिटात एक कागद ठेवा: दुरुस्तीची तारीख, कारागिराचं नाव, ट्यूनिंगची उंची हर्ट्झमध्ये, भात्याचं कापड कोणतं, सरस कुठे वापरला, कोणत्या सुरांच्या जिभा नव्या आहेत त्यांचे क्रमांक. त्याची एक प्रत ट्रस्टच्या फाइलला आणि एक हिशेबाच्या पत्रकासोबत प्रत्येक मोठ्या देणगीदाराला, काम पूर्ण झाल्यापासून महिन्याच्या आत.